आत शिरायची तारीख

शकुबाईच्या घरातलं भांडण मी पहिल्यांदा ऐकलं ते कुरडया वाळत घालताना. सानपाड्याला आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि मागच्या गॅलरीला तर भिंतही नाही, नुसता कठडा. कानात बोटं घालून कुरडया घालता येत नाहीत, म्हणून ऐकलं.

“पोरगी म्हंजे काय बटाट्याचं पोतं हाय व्हय?” शकुबाई म्हणत होती. “पाठीवर घेतली अन् दुसऱ्याच्या गाडीत टाकली?”

“आगं, गाडीत कुठं? इमानानं जायाची ती,” हौसेराव म्हणाले. हौसेराव म्हणजे तिचे यजमान. कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, पोती उचलून मान जरा पुढं आलेली.

“इमानातनं हाक मारली, तर मला ऐकू यील का?”

“फोन असतोय की. पोरगा शिकलेला हाय. कंपनीनं आणलेल्या माणसांचं व्हिसाचं कागद त्योच करतो. कोण कवा आत येणार, कवा भाईर जाणार, समदं त्याच्या हातात.”

“म्हंजे दारवान.”

“दारवान न्हाई. हापिसर.”

“कुणाला आत घ्यायचं अन् कुणाला न्हाई हे बघणाऱ्याला आमच्या गावात दारवानच म्हणत्यात. तुमचा हापिसर तुमच्यापाशी ठेवा.”

मग जेवणाची पितळी सरकवल्याचा आवाज आला. तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. आता ते भांडण आठवलं, की हातातलं काम थांबतं.

राजेश्वरी त्यांची एकुलती एक. त्र्याण्णव साली कोरेगावला लग्न झालं. नवऱ्याचं नाव उदयसिंह. आखातातल्या एका शहरात तो नोकरीला होता. त्या शहराचं नाव मी घेत नाही. आपली पुष्कळ माणसं तिथं सुखानं राहतात, आणि एका माणसाच्या करणीचा डाग गावाला कशाला.

शकुबाई मूळची माण तालुक्यातली. मार्केट मुंबईतून इकडं तुर्भ्याला आलं, तेव्हा ती नवऱ्यामागं आली, आणि गाळ्यावर कांदा निवडायला लागली. तिचा हात असा, की ढिगात बसली तर तोंड एकीकडं, बोलणं दुसरीकडं आणि कांदे आपले बिनचूक दोन पाट्यांत पडत राहायचे. मला शिकवायची. वरचा रंग बघायचा नाही, म्हणायची. कांद्याची मान अंगठ्यानं दाबायची. मऊ लागली की तो आतून गेलेला, वरून कितीही लालबुंद असो.

लग्नाहून आली तेव्हा मी विचारलं, “कसा आहे जावई?”

“दिसायला झ्याक हाय,” ती म्हणाली. “पर मान दाबून बघाया मिळाली न्हाई, वैनी. सारखा फेट्यात.”

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात राजेश्वरीला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे कुणी सांगायला नको. पण उदयसिंहाचा फोन आला, की तिकडचा दवाखाना चांगला, खर्च कंपनीचा, आणि पोटुशीला विमानातून कशाला हलवायची. आईच येऊ दे. मी कागद पाठवतो.

आम्हा बायकांना हे फार मोठं वाटलं. जावयानं सासूला विमानानं बोलवलं. हळदीकुंकवाला तोच विषय. पासपोर्टसाठी चौकशीला पोलीस आला, तर शकुबाईनं त्याला आधी पोहे खायला घातले आणि मग विचारलं, “मी काय केलंय?” तो म्हणाला, “काही केलं नाही, हेच तर लिहून न्यायचंय, मावशी.”

मग उदयसिंहाकडून व्हिसाचा कागद आला. शकुबाईला अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र यायचे, पोत्यावरची वजनं वाचून वाचून आलेले. कागदावर एक तारीख आकड्यांत होती आणि तिच्याखाली एक ओळ इंग्रजी अक्षरांत. शकुबाईनं तारीख वाचली. चांगली तीन महिने पुढची होती. तिनं बोटांवर हिशोब केला. बाळंतपण, पाचवी, बारसं आणि सव्वा महिन्याचं न्हाण, सगळं त्या तारखेच्या आत बसत होतं. खालची ओळ कुणी वाचली नाही. जावयाच्या घरून आलेला कागद चारचौघांत फिरवायचा नसतो, म्हणून तिनं तो घडी करून पासपोर्टात ठेवला आणि पासपोर्ट कमरेच्या पिशवीत.

डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, वेखंड आणि माझ्या हातची झबली घेऊन ती गेली.

परत आली ती शांत होऊन. खजुराचा पुडा माझ्या ओट्यावर ठेवला आणि पाटावर बसली. नातू झाला होता, शिवतेज. मी म्हटलं, नीट सांग सगळं. तर तिनं सांगितलं, पण मला वाटलं होतं तसं नाही.

घर पाचव्या मजल्यावर. भिंतीत थंड हवेचं मशीन. संडास घरातल्या घरात दोन. एवढं सांगून ती थांबली. मग म्हणाली, “त्यो कामाला जाताना भाईरनं कुलूप लावतो, वैनी.”

“तुम्ही आत असताना?”

“आमी आत. म्हणतो, चोर असत्यात. मी इचारलं, आग लागली तर? तर म्हणतो, हितं आग लागत न्हाई.”

फोनलाही कुलूप होतं. तेव्हा चकतीचे फोन असायचे, त्या चकतीच्या भोकात बसणारं लहानसं पितळी कुलूप. फोन आला तर उचलता यायचा, पण आपण कुणाला करता यायचा नाही. राजेश्वरी नवऱ्यादेखत बोलायचीच नाही. पाणी हवं असलं, तर पेल्याकडं बघायची.

मूल पोटात जरा जास्तच दिवस राहिलं. शकुबाई जाऊन बसली आणि बाळ काही येईना. त्यात बराच वेळ गेला. मग बाळंतपण झालं. रोज आंघोळी, शेक, धुरी. बारसं झालं, तेव्हा शकुबाईच्या मनात कागदाची चुकचुक आली. तिनं जावयाला विचारलं, “मुदत हाय न्हवं?”

उदयसिंहानं कागद तिच्या पुढ्यात धरला आणि तारखेवर बोट ठेवलं. “हे वाचता येतं ना, आई? अजून खूप आहे. सव्वा महिना करूनच जा. तुमच्याशिवाय करणार कोण?”

“लई गोड बोलला,” शकुबाई मला म्हणाली. “मला वाटलं, आपुनच वंगाळ इचार करतो.”

राजेश्वरीनंही आईचा पदर धरला होता. अजून थोडी राहा म्हणाली. एवढंच म्हणाली. मग शकुबाई राहिली, आणि सव्वा महिन्याचं न्हाण घालूनच निघाली.

विमानतळावर उदयसिंहानं तिला दारापर्यंत सोडलं. आत काचेमागच्या माणसानं पासपोर्ट उलटापालटा केला, दुसऱ्याला बोलावलं, तिला एका खोलीत बसवलं. बोटांचे ठसे घेतले. कुणी तरी कुठं तरी फोन केला. झाडलोट करणाऱ्या एका मल्याळी बाईनं तिला पाणी दिलं आणि तिच्याकडं बघून मान हलवली. शेवटी पासपोर्टात एक मोठा शिक्का मारला, आडव्यातिडव्या रेघांसारख्या अक्षरांचा, आणि विमानात बसवलं.

“मला वाटलं, जाताना समद्यांस्नी बसवत्यात,” ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. आम्हा दोघींनाही विमानतळाची माहिती सारखीच होती.

“राजी काय म्हणाली निघताना?”

“काय न्हाई. पोराला माझ्या मांडीवरनं उचलून घेताना हात लागला तिचा. लई गार हुता.”

त्यानंतर दर शुक्रवारी सकाळी शकुबाई नाक्यावरच्या पिवळ्या बूथवर जायची. तिकडं सुट्टी शुक्रवारची, त्या दिवशी तो घरी असतो म्हणून शुक्रवार, कारण तो नसताना राजेश्वरी फोन उचलायचीच नाही. का नाही, ते तिनं सांगितलं नाही. काचेच्या डब्यात शकुबाई उभी, कानाला फोन, आणि बाहेर बाकावर हौसेराव. बोलणं एकच. बरी हाय. शिवतेज बरा हाय. थंडी हाय. उकडतंय. एका शुक्रवारी मात्र मधेच राजेश्वरीनं विचारलं, “आई, तू कधी येणार?” शकुबाई म्हणाली, बघू. थोड्या वेळानं पुन्हा, “आई, तू कधी येणार?” हवापाण्याचं चालू असताना पुन्हा तेच. मग फोन बंद झाला.

शकुबाई बूथमधून बाहेर आली आणि हौसेरावांना म्हणाली, “कागद काढाया सांगा. मी जाते.”

उदयसिंह म्हणाला, काढतो. महिन्यानं म्हणाला, अर्ज दिलाय. आणखी महिन्यानं म्हणाला, अर्ज परत आला, काय कारण ते सांगत नाहीत, तिथले नियम फार कडक. हौसेराव म्हणाले, बरोबर आहे, बाहेरचा देश. दुसऱ्या दिवशी शकुबाईनं गाळ्यावर खाडा केला आणि मला म्हणाली, “वैनी, चला वाशीला.” आम्ही तिघं गेलो.

वाशीला एका प्रवास कंपनीत सुभाष नावाचा माणूस होता. आमच्या सोसायटीतल्या एकाचा मेहुणा. टेबलावर विमानाचं खेळणं, आणि समोरच्याला आधी थंड पाणी द्यायची पद्धत. त्यानं पासपोर्ट उघडला, पानं उलटली आणि शिक्क्याच्या पानावर थांबला.

“मावशी, टेन्शन घेऊ नका, दोन मिनिटं,” म्हणून तो आत गेला. आत त्यांच्याकडं तिकडून नोकरी करून आलेला एक जण होता, त्याला ती अक्षरं वाचता यायची. सुभाष परत आला, तेव्हा त्यानं आधी खुर्ची ओढून घेतली.

“तुम्ही तिथं जास्त राहिलात,” तो म्हणाला.

“जास्त कशी? तारीख व्हायच्या आत निघाले मी,” शकुबाई म्हणाली. व्हिसाच्या कागदाची नक्कल तिनं जपून ठेवली होती, ती पुढं केली. “ही बघा.”

“ही तारीख राहायची नाहीये, मावशी. ही आत शिरायची तारीख आहे. म्हणजे ह्या दिवसापर्यंत कधीही त्या देशात उतरा, दार उघडं आहे. ह्यानंतर गेलात तर दारातूनच परत. आता उतरल्यावर किती दिवस राहायचं, ते ह्या खालच्या ओळीत आहे. उतरल्यापासून एक महिना. तुम्ही लवकर गेलात, तर तुमचा महिना लवकर संपला. वरची तारीख मग कितीही लांब असू दे, तिचा उपयोग नाही.”

हौसेराव पुढं वाकून कागदाकडं बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बघत होते.

“गेटपास,” ते म्हणाले.

“काय, काका?”

“मार्केटाचा गेटपास. सकाळच्याला नऊपत्तोर गाडी आत घ्या, असं लिवलेलं असतं. म्हणून आत घेतलेली गाडी नऊपत्तोर गाळ्याला लावून झोपायचं न्हाई. लागली की तासात खाली करायची, न्हाई तर दंड. समदं मार्केट जाणतंय हे.” त्यांनी कपाळ चोळलं. “मी रोज बघतोय की हे. मला कसं सुचलं न्हाई?”

“इंग्रजीत होतं ना,” सुभाष म्हणाला. “पुष्कळ जणांची होते ही चूक. चांगल्या शिकलेल्यांची होते. बरं, व्हिसा काढला कुणी होता?”

मग मीच सांगितलं, जावयानं.

“ते काय करतात तिथं?”

“कंपनीच्या माणसांचे व्हिसाचे कागद,” मी म्हणाले.

सुभाषनं पेन उचललं, टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. शकुबाई माझ्याकडं नाही, हौसेरावांकडं नाही, त्या खेळण्यातल्या विमानाकडं बघत म्हणाली, “त्याला म्हाईत हुतं.”

“चुकलं असंल त्याचंबी,” हौसेराव म्हणाले.

“काका, हे त्याचं रोजचं काम आहे,” सुभाष हळू आवाजात म्हणाला.

“सव्वा महिना करूनच जा म्हणाला,” शकुबाई म्हणाली. “बोट ठिवलं तारखंवर. खालच्या वळीवर अंगठा हुता त्याचा.”

शिक्क्यात लिहिलं होतं, की ह्या बाईला दोन वर्षं ह्या देशात घ्यायचं नाही. तिथला तेव्हाचा नियम तसा होता म्हणे. आम्ही बाहेर आलो. हौसेरावांना पानाची टपरी दिसली, तरी ते थांबले नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. सासू नको असलेले जावई पुष्कळ असतात. तोंड वाकडं करतात, जेवायला वाढलं की पेपर उघडतात. पण गोड बोलून, लाडू खाऊन, बाळंतिणीच्या आईच्या तोंडावर दार असं लावून घ्यायचं, त्याला कारण लागतं. आणि ते कारण पाचव्या मजल्यावर कुलपात होतं.

पोलीस चौकीत गेलो. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. म्हणाला, दुसऱ्या देशातलं घर, तिथं आमचा हात पोचत नाही. पोरीनं तिकडं आपल्या वकिलातीत जाऊन स्वतः सांगितलं, तर होईल. शकुबाईनं विचारलं, “कुलपातनं जायाचं कसं, सायेब?”

मग तिनं मधुकर शोधून काढला. मधुकर खांदेश्वरला राहायचा. समुद्रात तेल काढायचा फलाट असतो, तिथं कामाला होता. दोन महिने तिकडं, एक महिना घरी. जाताना त्याचा मुक्काम त्याच शहरात पडायचा. सुभाषनं ओळख करून दिली. तो निघायच्या आदल्या दिवशी शकुबाई पार्सल घेऊन त्याच्या घरी जायची. शेंगदाण्याची चटणी, कालवणात घालायचा येसूर, नातवाला अंगडं. वर पांढरं कापड शिवलेलं, टाके बारीक.

पहिल्यांदा मधुकर परतला, तेव्हा म्हणाला, साहेब खालीच कुठं तरी गेले होते, कुलूप नव्हतं, ताईंनी दार उघडलं, चहा दिला, पोरगं कडेवर होतं. शकुबाईनं त्याला तीनदा विचारलं, चहात साखर किती होती. पोरीला साखरसुद्धा मोजून वापरायला लागते का, एवढंच तिला बघायचं होतं.

दुसऱ्यांदा उदयसिंह घरी होता. राजेश्वरी आतल्या दाराशी उभी होती. बोलली नाही.

तिसऱ्यांदा उदयसिंह खाली उतरून आला आणि जिन्याशीच पार्सल घेतलं. वर येऊ का विचारलं, तर म्हणाला, तिला बरं नाही, अंगावर पुरळ उठलंय, लागण होते.

त्यानंतरच्या खेपेला मधुकर मुद्दाम तो कामावर असताना गेला आणि न विचारता वर चढला. दाराला बाहेरून कुलूप होतं. त्यानं कडी वाजवली. आतून आवाज आला, अगदी दाराला तोंड लावून. “दादा, किल्ली त्यांच्यापाशी असते. आईला सांगा, बरी आहे. एवढंच सांगा.” मग मूल रडायला लागलं आणि कुणी तरी त्याचं तोंड दाबल्यासारखं ते एकदम थांबलं. मधुकर पार्सल उंबऱ्याशी ठेवून आला.

हे त्यानं आमच्या गॅलरीत बसून सांगितलं. शकुबाई तांदूळ निवडत होती. सांगून झालं तरी निवडत राहिली. मग म्हणाली, “शिक्क्याला अजून किती ऱ्हायलं?”

दोन वर्षं सरली ती अशी. अठ्ठ्याण्णव उजाडलं. ती पुन्हा सुभाषकडं गेली, आणि त्यानं एक वाट सांगितली. जावयाच्या सहीनं मिळतो तो नातलगांचा व्हिसा. पण नुसतं गाव बघायला जाणाऱ्याचा व्हिसा प्रवास कंपनीच्या नावावर निघतो. तिथं जावयाचा संबंध येत नाही. पंधरा-वीस जणांची सहल जाणार होती. समुद्र, मशीद, सोन्याचा बाजार. शकुबाईनं त्यात नाव घालायचं. एक दिवस मोकळा असतो, बाकीचे खरेदीला जातात. मधुकर फलाटावर जायच्या आधी त्या शहरात थांबून राहील, आणि त्या दिवशी तिला त्या इमारतीपाशी घेऊन जाईल. मग जिना चढून दार ठोठावायचं, शेजारपाजार जमा करायचा, पोलिसांना बोलवायचं, आणि पोरीला अन् नातवाला घेऊन थेट वकिलातीत जाऊन बसायचं. आई समोर असली, की पोरगी तोंड उघडेल, असा तिचा हिशोब होता.

“जल्मात कुठं फिराया गेले न्हाई,” शकुबाई म्हणाली. “आता सोन्याचा बाजार बघाया चाललीय. सांगा मार्केटात.”

अर्जाला फार वेळ लागला. रोज तिला वाटायचं, जुना शिक्का सापडेल. अखेर कागद आला. ह्या खेपेला तिनं सुभाषला खुर्चीत बसवून त्याच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली, मग त्याच ओळी आतल्या माणसाकडून वाचून घेतल्या, आणि दोघांचं जुळतंय का बघितलं. आत शिरायची तारीख महिनाअखेरची. राहायचे दिवस थोडेच, सहलीपुरते. सहलीचं विमान त्या तारखेच्या जरासंच आधी. मधे फारशी जागा नव्हती.

आणि तेव्हाच तिच्या छातीत दुखायला लागलं.

पहिल्यांदा गाळ्यावर झालं, पाटी उचलताना. पित्त म्हणाली. दुसऱ्यांदा माझ्यासमोर झालं, तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला आणि डावा हात तिला वर करता येईना. मी आणि हौसेरावांनी तिला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेली. डॉक्टरनं छातीला तारा लावून पट्टी काढली, बघितली आणि म्हणाला, आजच दाखल करा. मोठ्या दवाखान्यात पाठवायला लागेल. महिनाभर तरी उठायचं नाही, आणि विमानाचं तर नावच काढू नका.

“म्हैना?” शकुबाई म्हणाली. “डाक्टर, माझ्यापाशी एक कागद हाय. त्याची तारीख टळली, की त्यो कागद मेला. मग परत अर्ज. त्यो जाणार त्याच हापिसात, त्याच शिक्क्याम्होरं. एकदा त्यांच्या नजरंतनं सुटलं. दुसऱ्यांदा सुटंल का?”

“आणि वाटेत काही झालं म्हणजे?”

“ते आत शिरल्यावर होऊ द्या.”

हौसेराव त्या दिवशी तिच्याशी भांडले. मी पुन्हा ऐकलं, पण ह्या वेळी समोर बसून. ते म्हणाले, मी जातो तुझ्याऐवजी. ती म्हणाली, तुमचा पासपोर्ट कुठाय? ते म्हणाले, काढतो. ती म्हणाली, काढा, लागंल. मग ते रडले. तिनं गोळ्या घेतल्या, जिभेखाली धरायची ती शिकून घेतली आणि दाखल व्हायला नकार दिला. तिला दाराबाहेर काढणारी ओळ खालची होती. आता वरची तारीख तिला अंथरुणावर पडू देईना.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. सहलीच्या विमानात शकुबाई बसली नाही. निघायला तीन-चार दिवस असताना पहाटे ती मोरीत गेली आणि तिथंच गेली. हौसेरावांनी वर्षाच्या आत स्वतःचा पासपोर्ट काढला, सुभाषनं त्यांना त्याच वाटेनं नेलं, मधुकर बरोबर होता. जिना चढून, दार ठोठावून, माणसं गोळा करून, शकुबाईनं आखलं होतं तसंच सगळं त्यांनी केलं. राजेश्वरी पोराला घेऊन परत आली. वाळून काठी झाली होती. आता ती कुठं असते, काय करते, ते तिचं तिनं सांगावं. तिथं तिच्यावर काय गुदरलं, तेही तिचं आहे. आईचं तोंड मात्र तिला बघायला मिळालं नाही.

मला शकुबाईचं सांगायचं होतं, आणि ती मला दिसते ती खांदेश्वरच्या त्या शेवटच्या खेपेत.

मधुकर दुसऱ्या दिवशी निघणार होता. दुपारची जेवणं झाल्यावर ती पार्सल घेऊन माझ्या दारात आली. एकटीला सोडायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं, म्हणून मी पायात चपला घातल्या. बसमध्ये ती खिडकीशी बसली, पार्सल मांडीवर. खाडीवरून जाताना वारा आला, तर पदर कानावर ओढला. मी म्हटलं, गोळी घ्यायची का? ती म्हणाली, घेतलीय.

मधुकरच्या जिन्यात ती प्रत्येक वळणावर थांबली. त्याच्या बायकोनं बसायला सांगितलं, तर नेहमीसारखीच उभी राहिली, चौकटीला हात लावून.

मधुकर हसून म्हणाला, “मावशी, आठवड्यात तुम्हीच येताय की तिकडं. मग हे पार्सल कशाला?”

“दर खेपंला जातं ते ह्या खेपंला न्हाई गेलं, तर त्याला वास यील,” ती म्हणाली. “मी येणार हे तुमीबी बोलू नका. तिलाबी न्हाई. ती घाबरंल, अन् तिच्या तोंडावर दिसंल.”

“बरं.”

“चटणी वर हाय. अंगडं खाली. औंदा मोठं शिवलंय, वाढला असंल त्यो.”

“बरं.”

“तिच्याच हातात द्या. न्हाई जमलं तर उंबऱ्याशी ठिवा.”

“दर वेळी देतो तसंच देतो, मावशी.”

तिनं पार्सल पुढं केलं. देण्याआधी कडेचा टाका अंगठ्यानं एकदा चाचपून बघितला, एक धागा वर आला होता तो दातानं तोडला, आणि मग दिलं. मधुकरच्या बायकोला म्हणाली, “येते गं. पोरास्नी उन्हात सोडू नको.”

खाली आलो. स्टॉपवर बस लागलेली होती, ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता.

“चला, वैनी,” ती म्हणाली. “भराभर चला, जागा धरू.” आणि माझ्या पुढं निघाली.